निरोगी म्हणून ठेवलेलं रक्त

मावशींच्या रक्ताला त्या संस्थेत मान होता. कुठे माणसाला मान असतो, कुठे खुर्चीला असतो, इथे रक्ताला होता. ल्युपसवर संशोधन करणाऱ्या त्या तीन मजली इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत मावशी बावीस वर्षं तंत्रज्ञ होत्या आणि त्यातली अकरा वर्षं दर सहा महिन्यांनी बाही वर करून स्वतःचं रक्त देत आल्या होत्या. आजारी माणसाच्या रक्तात काय जास्त आहे हे कळायला शेजारी निरोगी माणसाचं रक्त ठेवून बघावं लागतं. ते आणायचं कुठून? धडधाकट माणूस उगाच सुई टोचून घ्यायला येत नाही. म्हणून इथे रीतच पडली होती की काम करणाऱ्यांनीच आपलं द्यायचं.

सुरुवातीला सहा जण द्यायचे. मग एकाला मधुमेह निघाला, एकीच्या थायरॉइडने घोळ घातला, एक गृहस्थ सुई बघितली की खालीच बसायचे. गळती लागत लागत मावशी तेवढ्या उरल्या. बावीस वर्षांत त्यांनी आजारपणाची रजा चार दिवस घेतली होती, आणि त्यातलेही दोन दिवस मुलाच्या गोवराचे. हे त्या स्वतःच सांगत, आणि एकदा सांगून थांबत नसत. नव्या माणसाला प्रयोगशाळा दाखवताना मोठ्या फ्रीझरपाशी आल्या की वरच्या कप्प्याकडे बोट दाखवून म्हणत, "आणि हे आमचं. निरोगी." मग जरा थांबत, समोरच्याने काही बोलावं म्हणून. पाठीमागे त्यांना सगळे 'निरोगी मावशी' म्हणायचे. ते त्यांच्या कानावर आलं होतं आणि खोटं कशाला सांगा, आवडलंही होतं.

दोन वर्षांपूर्वी मॅडमनी नियम केला की घरचं रक्त बंद. मॅडम म्हणजे संस्थेच्या मुख्य डॉक्टर. निरोगी नमुना यापुढे विकत आणायचा, त्याचा बॅच नंबर रजिस्टरमध्ये लिहायचा आणि तोच वापरायचा. मावशींना ते लागलं. घरात चांगलं असताना बाहेरून आणल्यासारखं वाटलं. पण मॅडमपुढे बोलायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी मान डोलावली आणि वरच्या कप्प्यातल्या आपल्या नळ्या फेकून द्यायचं तेवढं विसरल्या. वर दर सहा महिन्यांनी कोणाला न सांगता त्यात एकेका नळीची भर घालत राहिल्या.

आता ज्या शुक्रवारची ही हकीकत आहे तो शुक्रवार. विकतच्या नमुन्याचं पाकीट सात आठवडे अडकलं होतं, ते सकाळी आलं. मावशींनी नेहमीसारखी प्लेट लावली. तळहाताएवढं प्लास्टिकचं ताट, त्यात नखाएवढ्या शहाण्णव वाट्या. वाटीच्या तळाला आधीच एक लेप असतो. ल्युपसच्या माणसाच्या रक्तातली संरक्षक द्रव्यं वाट चुकलेली असतात, ती स्वतःच्याच पेशींच्या गाभ्यावर तुटून पडतात. वाटीतल्या लेपावरही तशीच चिकटतात. शेवटी एक औषध घातलं की जिथे ती चिकटली तिथे पिवळा रंग चढतो. जितका आजार चेतलेला तितका पिवळा गडद. निरोगी रक्ताची वाटी पाण्यासारखी राहते.

नवीन पाकिटातला नमुना मावशींनी थेंब मोजून उचलायच्या पिपेटने पहिल्या वाटीत घातला आणि शेजारच्या वाटीत आपला. नियमात बसत नव्हतं ते. पण विकतचं किती पाण्यात आहे हे बघायची त्यांना खुमखुमी होती. तीन तासांनी प्लेट उजेडावर धरली तेव्हा पहिली वाटी स्वच्छ होती. दुसरी पिवळसर होती.

अगदी फिकट. दुसऱ्या कोणाला दिसलीही नसती. मावशींना दिसली. मशीनने आकडे दिले: विकतचं ऐंशी, त्यांचं दोनशे दहा.

"हात हलला असेल," त्या स्वतःशीच म्हणाल्या. पण त्यांचा हात हलत नाही हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं? आणि मग दोनशे दहा हा आकडा कुठेतरी पाहिलाय असं वाटून त्यांनी रजिस्टर मागे उलटलं.

पाकीट अडकलं होतं त्या सात आठवड्यांत त्यांनी तीन प्लेटा लावल्या होत्या. थांबायला पाहिजे होतं. त्यांनी थांबायचं सोडून वरच्या कप्प्यातली आपली नळी काढली होती, की घरचंच तर आहे. बॅच नंबरच्या रकान्यात आडवी रेघ ओढून मोकळ्या झाल्या होत्या. तेव्हाही मशीनने दोनशेच्या आसपासच आकडा दाखवला होता आणि त्यांनी समासात लिहिलं होतं, 'प्लेटा नवीन, रंग जास्त चढतो.' मशीन चुकेल, प्लेट चुकेल, हवा दमट असेल. आपलं रक्त चुकेल हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. हा गर्व म्हणायचा की भाबडेपणा ते ज्याचं त्याने ठरवावं. मला तर तो गर्वच वाटतो, आणि अकरा वर्षं कौतुक झालेल्या कोणालाही तो झाला असता.

आता हिशेब असा होता. निरोगी आकड्याची तिप्पट, ही रेघ. रुग्ण रेघेच्या वर असला तर आजार चेतलेला, औषध तसंच चालू. खाली असला तर शांत, गोळ्या कमी करायच्या. ऐंशीच्या तिप्पट दोनशे चाळीस. दोनशे दहाच्या तिप्पट सहाशे तीस. मावशींनी कागद घेऊन तिन्ही प्लेटांवरचे एकोणचाळीस रुग्ण नव्या रेघेला लावून पाहिले. पहिल्या प्लेटवर कोणी इकडचं तिकडे होत नव्हतं. दुसरीवरही नाही. मावशींचा जीव जरा भांड्यात पडला. तिसरीवर, सातव्या ओळीत, चारशे सत्तर.

नाव नसतं तिथे, नुसता क्रमांक असतो. पण रक्त मावशींनीच काढलेलं होतं, आणि तो क्रमांक कोणाचा हे त्या झोपेतही सांगू शकल्या असत्या. तो टपालवालीचा होता.

टपालवाली एकतीस वर्षांची होती. आठ वर्षं तिने पायी पत्रं वाटली. मग उन्हाने चेहऱ्यावर लाल चट्टे उठायला लागले, सांधे धरले, ताप उतरेना, आणि दीड वर्ष या डॉक्टरकडून त्या डॉक्टरकडे फिरल्यावर ल्युपस आहे असं कळलं. आता ती टपाल कचेरीत आत बसून पत्रं लावते. 'मला का झालं?' असं तिने मॅडमना विचारलं होतं. मॅडमनी घराण्यातलं काही, ऊन, बायकांच्या शरीरातली संप्रेरकं, एखादा जुना संसर्ग अशी चार-पाच कारणं सांगितली आणि शेवटी म्हणाल्या, "खरं सांगायचं तर अजून कोणालाच नीट कळलेलं नाही." टपालवाली म्हणाली होती, "म्हणजे पत्ता नसलेलं पाकीट. फिरवत बसा."

तीन आठवड्यांपूर्वी तिच्या गोळ्या कमी झाल्या. स्टेरॉइडने तिचा चेहरा भोपळ्यासारखा सुजला होता, तो उतरायला लागला, आणि गेल्या आठवड्यात मावशींना ती जिन्यात भेटली तेव्हा स्वतःच्या गालाला हात लावून म्हणाली होती, "मावशी, हाड लागायला लागलं बघा हाताला!" येत्या सोमवारी फोन करून गोळ्या आणखी निम्म्या करायच्या होत्या. लघवीची तपासणी तीन महिन्यांतून एकदाच, ती पुढच्या महिन्यात. म्हणजे सोमवार उलटला असता तर पुढे महिनाभर तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नसतं. चारशे सत्तरवर गोळ्या निम्म्या म्हणजे काय, हे मावशींना ठाऊक होतं. हा आजार मूत्रपिंडात शिरतो तेव्हा दुखत नाही.

मावशी स्टुलावर बसल्या. घड्याळात बारा वाजले होते.

पहिला विचार त्यांच्या मनात जो आला तो चांगला नव्हता, आणि तो आलाच नाही असं दाखवण्यात अर्थ नाही. त्यांना वाटलं, मॅडमना सांगावं की प्लेट खराब होती, टपालवालीचं परत करते. बस. ती वाचेल. आपलं नाव कुठे यायला नको, वरचा कप्पा संध्याकाळी रिकामा करून टाकू. सगळं गुपचूप मिटेल. मुलाचं शिक्षण अजून दोन वर्षं आहे, नवऱ्याची शाळेच्या बसवरची नोकरी कधी आहे कधी नाही. या वयात नोकरीवर गदा आली तर कोण विचारणार आहे?

पण दोनशे दहा हा आकडा मान वर करून त्यांच्याकडे बघत होता. तो प्लेटचा नव्हता, तो त्यांचा होता.

त्या उठल्या, हातमोजे चढवले आणि मोठा फ्रीझर उघडला. पांढरी वाफ अंगावर आली. वरच्या कप्प्यातून त्यांनी दर वर्षाची एक अशा अकरा नळ्या काढल्या आणि दुसरी प्लेट लावली. जेवणाचा डबा तसाच राहिला. तीन तास माणसाने काय करायचं? त्यांनी टेबल पुसलं. मग परत पुसलं. शेजारच्या खोलीतल्या संगणकवाल्याने विचारलं, "मावशी, आज साफसफाईवाले येणार नाहीत का?" त्यावर त्या एरवी दोन शब्द ऐकवल्याशिवाय राहिल्या नसत्या, आज नुसतं "हं" म्हणाल्या.

साडेतीनला शेवटचं औषध घातलं. मशीनपर्यंत जायची गरज पडली नाही. अकरा वाट्या एका ओळीत. पहिल्या सहा पाण्यासारख्या. सातवी बघताना डोळे बारीक करावे लागले. आठवी फिकट, नववी त्याहून जास्त, दहावी, अकरावी. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या वाट्या त्या उजेडावर धरून बघत आल्या होत्या आणि एखादी गडद निघाली की "बिचारी" म्हणून पुढे जात होत्या. आज पुढे जायला जागा नव्हती. त्यांनी ओळ परत एकदा डावीकडून मोजली, मोजण्यात चूक असेल म्हणून.

मॅडमची खोली जिन्याच्या तोंडाशी होती. मावशींनी प्लेट आणि रजिस्टर त्यांच्यासमोर ठेवलं.

"मॅडम, तीन आठवड्यांपूर्वीची प्लेट चुकलीय. टपालवालीच्या गोळ्या कमी करायला नको होत्या."

"चुकली म्हणजे काय झालं?"

"निरोगी म्हणून माझं लावलं होतं. पाकीट आलं नव्हतं."

मॅडमनी चष्मा काढला. "घरचं बंद करून दोन वर्षं झाली ना, मावशी? आणि बॅच नंबर काय लिहिलात?"

"रेघ मारली."

"रेघ मारलीत! बावीस वर्षं काम करणारं माणूस तुम्ही. बरं, केलंत ते केलंत. पण तुमचं तर स्वच्छ असतं, त्याने तिपटीची रेघ कशी चु..." इथे मॅडम बोलायच्या थांबल्या. त्यांनी प्लेट उचलली, खिडकीकडे धरली, आणि बराच वेळ खाली ठेवली नाही.

"हे सगळं तुमचं?" त्यांनी हळूच विचारलं.

"वर्षाला एक."

"अकरा वर्षं... एकाच माणसाचं, आजार दिसायच्या आधीपासूनचं..." मॅडमच्या डोळ्यांत चमक आली. ती त्यांनी लपवायचा प्रयत्न केला पण मावशींनी पाहिलीच. असं काही हाती लागावं म्हणून मॅडम आयुष्यभर धडपडत होत्या, हे मावशींना माहीत नव्हतं थोडंच? त्यांना राग आला, आणि रागावतानाच कळत होतं की त्या जागी आपण असतो तर आपलेही डोळे असेच चमकले असते. मॅडम ओशाळल्या. "सॉरी," त्या म्हणाल्या. "तुम्हाला काही त्रास होतो का? सांधे? ताप?"

"छे! मला काय धाड भरलीय? त्या पोरीला आधी फोन करा."

"नुसत्या रंगावर आजार ठरत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. कितीतरी लोकांचं असं येतं आणि त्यांना जन्मात काही होत नाही."

"मॅडम, फोन."

टपालवाली पाऊण तासात आली. डोक्यावर मोठ्या काठाची टोपी, हात मनगटापर्यंत झाकलेले, कचेरीचा बिल्ला तसाच छातीवर. मॅडम सांगायला लागल्या तशा मावशी मध्येच म्हणाल्या, "मी सांगते. चूक माझी आहे." आणि त्यांनी सांगितलं. पाकिटाचं, नळीचं, रेघेचं, सगळं. टपालवाली टोपी मांडीवर ठेवून ऐकत होती, आणि तिच्या उतरलेल्या गालांकडे बघवत नव्हतं.

"म्हणजे मी बरी होत नव्हते," ती म्हणाली.

"नाही."

"तीन आठवडे मी आरशात बघून खूश होत होते. आईला सांगितलं मी. आणि तुम्ही म्हणे घरचंच होतं म्हणून लावलं! पत्रावर पत्ता वाचता आला नाही तर मी मनाने दुसऱ्याच्या दारात टाकते का? टाकते का सांगा?"

"नाही टाकत."

"मग!"

मॅडमनी लघवीसाठी रिकामी बाटली पुढे केली आणि टपालवाली ती हिसकावून घेऊन गेली. ती परत आल्यावर मावशींनी कागदाची पट्टी त्यात बुडवली. पट्टीवरचा चौकोन पिवळा राहिला तर बरं. एक मिनिट लागतं. तिघी त्या बोटभर पट्टीकडे टक लावून बसल्या. पिवळा जरा मळका झाला, मग कडेने हिरवट, मग सगळाच हिरवा.

"प्रथिनं जातायत," मॅडम म्हणाल्या. "मूत्रपिंडाला सूज आहे. पण लवकर सापडलं. आजच गोळ्या वाढवू, उद्या सकाळी भरती व्हायचं, मूत्रपिंडाचा तुकडा काढून तपासतील. ही वेळ हातातली आहे."

"आणि सोमवारी निम्म्या केल्या असत्या तर?"

मॅडमनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, "तर हातातली राहिली असती की नाही, सांगता येत नाही." आणि भरतीचा फोन करायला त्या बाहेर गेल्या.

खोलीत दोघीच राहिल्या. भिंतीवरचा पंखा फिरत होता. मावशी म्हणाल्या, "मला माफ कर असं म्हणायलाही तोंड नाही मला."

"नकाच म्हणू. करणार नाहीये मी." टपालवालीने डोळे पुसले. मग तिची नजर टेबलावरच्या प्लेटवर गेली. "ती ओळ तुमची का?"

"हो."

"कधीपासून पिवळी आहे?"

"चार-पाच वर्षं."

टपालवाली मावशींकडे बघत राहिली, एखादं पाकीट उलटसुलट करून बघावं तशी. "सकाळी दाराचं कुलूप उघडतं तुमच्या हाताने?"

"म्हणजे?"

"कुलूप. किल्ली फिरते का?"

मावशींनी दाराकडे पाहिलं. मॅडम जिन्यापाशी फोनवर होत्या. "हे उघडतात," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "पिपेट धरून धरून बोटं आखडतात, वय झालं."

"किती दिवस?"

"वर्ष... वर्ष झालं असेल."

"केस?"

"गळतात. सगळ्यांचेच गळतात."

"आणि बुटाच्या नाड्या तुम्ही एवढ्या सैल का बांधता?"

मावशींनी खाली पाहिलं. नाड्या सैल होत्या. मागच्या महिन्यापासून संध्याकाळपर्यंत बूट घट्ट होत होते, म्हणून त्या सैल बांधत होत्या, आणि त्याचं कारण त्यांनी नव्या मोज्यांना दिलं होतं. आता त्यांनी वाकून घोट्यावर अंगठा दाबला. उचलला तेव्हा तिथे खळी पडली होती आणि ती भरून येईना; मूत्रपिंड बिघडलं की पाय असेच सुजतात. बावीस वर्षं जे दुसऱ्यांच्या बाबतीत त्यांना लांबून कळायचं ते स्वतःच्या पायावर त्यांनी आज पहिल्यांदा पाहिलं, आणि त्यांना रडू फुटलं. मोठ्याने नाही, पण आवरता येईना.

टपालवाली त्यांना समजवायला गेली नाही. तिने टेबलावरून एक कोरी बाटली उचलली, झाकण फिरवून उघडली आणि त्यांच्या हातात दिली.

"जा."

"उद्या करीन गं. आज नको."

"उद्या मी नसेन इथे. आत्ता जा. मी बसलेय."

मावशी उठल्या. बोळाच्या टोकाला गेल्या, दार लावून घेतलं आणि बाटली हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. कितीतरी वेळ काही होईना. मग त्यांनी आतूनच हाक मारली, "आहेस का गं?"

"आहे," बाहेरून आवाज आला. "होऊ दे सावकाश."